रोहित शेट्टीचे सोळा सिनेमे : क्रम लावायचा गल्ल्यावरून की परीक्षणांवरून?

बर्डीचा_बाळ्या
मंडळी, रविवारी सकाळी तर्री-पोहे खाताना मामेभावाशी वाद लागला. पोहे गार झाले, वाद नाही झाला. विषय : रोहित शेट्टीचा सगळ्यात यशस्वी सिनेमा कोणता? तो म्हणे 'सिंघम अगेन', गल्ला बघ. मी म्हटलं पहिला 'सिंघम', दुसरं नावच नको. त्याने मोबाइल काढून आकडे नाकासमोर धरले आणि मला गप बसावं लागलं. घरी येऊन वही काढली.

'जमीन' (२००३) ते 'सिंघम अगेन' (२०२४), सोळा सिनेमे. देशातला नेट गल्ला, कोटींत, ढोबळ. पाच-दहा इकडेतिकडे असतात, त्यावरून भांडू नका :

सिंघम अगेन २५०, सिम्बा २४०, चेन्नई एक्सप्रेस २२७, गोलमाल अगेन २०५, सूर्यवंशी १९५, दिलवाले १४८, सिंघम रिटर्न्स १४०, गोलमाल-३ १०६, बोल बच्चन १०२, सिंघम १००. त्याखाली गोलमाल रिटर्न्स पन्नासच्या आसपास, ऑल द बेस्ट चाळीस, सर्कस पस्तीस, पहिला गोलमाल तिसाच्या आत-बाहेर. जमीन आणि संडे तळाला.

मग परीक्षणं आठवून दुसरी यादी केली. वर सिंघम, पहिला गोलमाल, ऑल द बेस्ट. खाली सर्कस, दिलवाले, सिंघम अगेन. म्हणजे गल्ल्यात पहिला तो परीक्षणांत तळाच्या तिघांत, आणि परीक्षणांत पहिला तो गल्ल्यात दहावा! आता या दोन याद्यांची एक यादी करायची कशी? मामेभावाला उत्तर द्यायचं आहे.

पोट्टा_नंबर_वन
सिंघम दहावा?? बे भाऊ, तुझीच सटकली का?

अनघा_धरमपेठ
बाळ्या, परीक्षणांच्या यादीत पहिल्या तिनापैकी दोन विनोदी आहेत हे पाहिलंस का? शेट्टीला 'अ‍ॅक्शनवाला' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, पण त्याचं नाव झालं ते नाटकावर. पहिला 'गोलमाल' नीरज व्होरांच्या 'अफलातून' या गुजराती नाटकावरून, आणि त्या नाटकाच्या मुळाशी आपलं मराठी 'घर घर'. 'गोलमाल रिटर्न्स' बघताना माझी आई दहाव्या मिनिटाला म्हणाली, "अगं, हा तर 'फेकाफेकी'!" अशोक सराफ आणि लक्ष्या, १९८९. तिने पुढची सगळी गोष्ट आम्हाला तिथेच सांगून टाकली, मागच्या रांगेतल्यांनासुद्धा.

माझं मत : जिथे मूळ संहिता नाटकाची आहे, दारं उघडतात-मिटतात, चुकीचा माणूस चुकीच्या वेळी आत येतो, तिथे तो बरा असतो. 'सर्कस'ही तसाच असायला हवा होता, जुळ्यांच्या दोन जोड्या, 'अंगूर'चीच गोष्ट. पण सगळं रंगीत केकसारखं केलं आणि हसू विसरले. तेव्हा अ‍ॅक्शन आणि विनोद अशा दोन वेगळ्या याद्या कर.

पुणेरी_पाटी
सोळा सिनेमे कशाला? एकच सिनेमा सोळा वेळा. गाडी उडते, गाडी उलटते, गाडीतून नायक उतरतो. क्रम लावायचाच तर गाड्यांच्या रंगावरून लावा.

पोट्टा_नंबर_वन
@पुणेरी_पाटी दुपारी १ ते ४ धागा बंद असते ना तुमच्याकडे? मंग काऊन लिहून राहिले?

हिशोबनीस
गल्ल्याबद्दल थोडं. लोक '२०० कोटी' वाचतात आणि निर्मात्याने २०० कोटी घरी नेले असं समजतात. तसं नसतं. तिकीटखिडकीवर जमतो तो ग्रॉस, त्यातून कर गेला की नेट. नेटमधून थिएटरवाल्याचा वाटा गेला की वितरकाचा शेअर. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं वाजलं होतं, एप्रिलपासून जूनपर्यंत मल्टिप्लेक्समध्ये नवे मोठे हिंदी सिनेमेच लागले नाहीत, आठवतं? त्या तडजोडीत ठरलं : पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे २०० कोटी नेटमधून हातात शंभरच्या आतच येतात.

त्यामुळे आजचे निर्माते पहिल्या तीन दिवसांवर मरतात. पाच हजार पडदे, दिवाळी, आणि सोमवारी काय होईल ते होवो. जुना हिशेब उलटा होता, सिनेमा जितका जास्त दिवस उभा राहील तितका मोठा. म्हणून बाळ्या, तुझी गल्ल्याची यादी खरी असूनही तिच्यातून कळत काहीच नाही. शंभर कोटीचा सिंघम तेव्हाच्या खर्चात उड्या मारत नफ्यात गेला. 'सिंघम अगेन'वर सहा-सात तारे, पगार किती असतील बघ, आणि समोर त्याच दिवशी 'भूलभुलैया ३'. नफ्याची यादी केलीस तर मामेभाऊ पोह्यांचे पैसे देईल.

बर्डीचा_बाळ्या
@हिशोबनीस नफ्याची यादी करायला खर्चाचे खरे आकडे लागतात, ते कोण देतं? खर्च कोणी वाढवून सांगतं, कोणी कमी. मला अशी मोजणी पाहिजे जिच्यात कोणाला थाप मारता येत नाही.

सदरकर
लिबर्टी, स्मृती, पंचशील, जानकी... या धाग्यावर आपल्या नागपूरच्या टॉकीजांची नुसती नावं लिहिली तरी बरं वाटते. 'सिंघम'च्या वेळी पाऊस धो-धो, २२ जुलै २०११. आठवडाभर आधीच स्पेनच्या सहलीवरचा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' लागला होता. मॉलमधल्या थिएटरात स्पेनवाले, सिंगल स्क्रीनमध्ये सिंघमवाले. आमच्या गॅंगमध्ये दोन गट पडले. जे स्पेनला गेले त्यांच्याशी आम्ही महिनाभर इंग्रजीतच बोललो.

राधिका_प्रतापनगर
क्रम काय लावता, नागपूरकरांनी आधी आपल्या माणसाचं नाव घ्यावं! राजकुमार हिरानी. सहा सिनेमे, २००३ ते २०२३, गल्ला आणि परीक्षणं दोन्ही याद्या जवळजवळ सारख्या. दोन्ही हात वर करून टाळ्या.

पोट्टा_नंबर_वन
हाव ना! आणि माणूस आपल्या नागपूरचा.

अनघा_धरमपेठ
'डंकी' कुठे बसवशील मग, राधिका?

राधिका_प्रतापनगर
अनघाताई, 'डंकी' मी अजून पाहिलेला नाही, म्हणून माझ्या यादीत तो उत्तमच आहे.

बर्डीचा_बाळ्या
हिरानींचा वेगळा धागा काढा, संत्रा बर्फी घेऊन येतो. इथे गाड्या उडवणाऱ्या माणसाबद्दल बोलू या.

पाना_पेचकस
गाड्या उडवण्याबद्दल मी बोलतो, माझं गॅरेज आहे. पुणेकर दादा म्हणतात गाडी उलटते, बस. दादा, उलटवणं सोपं नाही. एक पद्धत म्हणजे एका बाजूच्या चाकांखाली पाइपचा चढ, गाडी वेगात आली की एक बाजू उचलली जाते आणि ती कलंडते. दुसरी म्हणजे गाडीच्या पोटात नळकांडं बसवतात, दाबाचा वायू सोडला की आतला जाड ठोकळा धाडकन जमिनीवर आदळतो आणि गाडी हवेत फिरते. आत चालवणाऱ्यासाठी लोखंडी पिंजरा वेल्डिंग करतात, पेट्रोल थोडंच ठेवतात. पिंजऱ्याचा एक जोड कच्चा राहिला तर माणूस गेला.

आता पडद्यावर बघा. खरी गाडी पडते तेव्हा पडल्यावरही हलते. स्प्रिंगवर दोन-तीनदा डुलते, डिकी उघडते, एखादी चाकाची वाटी गरगरत लांब जाते. कॉम्प्युटरवाली गाडी पडते आणि गप बसते. 'सिंघम'मधल्या गाड्या डुलतात. 'सिंघम अगेन'मध्ये मला बऱ्याच गाड्या गप बसलेल्या दिसल्या. माझी यादी त्यावर.

आणि हे त्याच्या रक्तात आहे. वडील एम. बी. शेट्टी, फायटमास्टर, तो टकला खलनायक. मुलाने सुरुवात केली सहायक म्हणून, 'फूल और कांटे', १९९१. अजय देवगण दोन मोटारसायकलींवर उभा राहून आला तो सिनेमा. आमच्या गल्लीत त्या नादात दोन पोट्ट्यांचे हात मोडले, त्यातला एक माझा.

पुणेरी_पाटी
@पाना_पेचकस चाकाची वाटी गरगरत जाते हे वाचून मी 'सिंघम' पुन्हा लावला. गाड्या डुलतात खऱ्या. माझं विधान अर्धं मागे घेतो.

पोट्टा_नंबर_वन
पुणेकराने अर्धं विधान मागे घेतलं! धागा फ्रेम करून ठेवा बाप्पा.

खाकीघर
सगळे हसत आहेत तर मी थोडं जड लिहिते, चालवून घ्या. माझे मिस्टर पोलिसात आहेत. 'सिंघम' आम्ही चौघांनी पाहिला, त्यांनाही आवडला. विशेषतः अशोक सराफांचा हेड कॉन्स्टेबल. "हा एकटा खरा वाटतो, याचे पाय दुखतात," म्हणाले. घरी आल्यावर मुलगा विचारतो, बाबा, तुम्ही कोणाला खांबाने मारलं का? बाबा तेव्हा जेवणाच्या टेबलावर एका चोरीच्या दोषारोपपत्राची पानं लावत होते. पंचनामा, जबाब, जप्तीची यादी, प्रत्येकाच्या प्रती. रात्री एकपर्यंत. मुलगा वाट बघून झोपला.

'सिम्बा'ला मात्र मी मधूनच उठले. तिथे घरातल्या बाया न्यायाधीशासारख्या निकाल देतात आणि पोलीस ठाण्यात गोळ्या चालतात, वर टाळ्या. चकमकीत माणूस मेला की स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी झालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात लिहून दिलं आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तर 'सिंघम'चं नाव घेऊन सांगितलं की असे सिनेमे घातक संदेश देतात. २४० कोटींचा सिनेमा माझ्या यादीत शेवटचा. कारण नको विचारू, बाळ्या, तूच लिही.

सदरकर
ताई, मान्य. पण मग 'सिंघम'चा शेवट काय वेगळा आहे? तिथेही ठाण्यातले सगळे मिळून खलनायकाला संपवतात आणि कागदावर दुसरंच लिहितात. आपण तेव्हा शिट्ट्या मारल्या.

खाकीघर
मारल्या. मीही मारली. प्रकाश राज पडद्यावर इतका छळतो की राग आपल्या डोक्यात चढलेला असतो. 'सिम्बा'त मला तो राग उसना आणलेला वाटला, एका मुलीच्या मरणावर. दोन्ही चूक, पण एकीत मी फसले आणि दुसरीत नाही फसले. सिनेमा म्हणून 'सिंघम' वरचा, तो यामुळेच असेल.

अनघा_धरमपेठ
@खाकीघर हे मी वाचलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा चांगलं आहे. वैदेही परशुरामीचं काम एवढं नेटकं, आणि तिचं पात्र केवळ नायकाला सुधारण्यासाठी मारलं जातं, ते मलाही खटकलं होतं.

तरी एक सांगते, 'सिंघम' मुळात तमिळ 'सिंगम'चा रिमेक, २०१०, सूर्याचा. 'सिम्बा' तेलुगू 'टेम्पर'चा. तो राग कोणाचा उसना, हा हिशेब तिथपर्यंत जातो. शेट्टीने 'सिंघम'मध्ये केलं काय, तर त्याला मराठी केलं. बाजीराव, शिवगड, आई-बाबा, भाषा. आपल्या कानाला तो आपला वाटला. मला नाही वाटत ही छोटी गोष्ट आहे.

स्टँडवाला
नमस्कार. मी इथे वाचत असतो, लिहीत नाही. बाळ्याभाऊंनी लिहिलं की थाप मारता येत नाही अशी मोजणी पाहिजे, म्हणून लिहून राहिलो. टायपिंग हळू आहे.

माह्याकडे एका टॉकीजच्या सायकल स्टँडचा ठेका होता. टॉकीजचं नाव राहू द्या, आता तिथे कपड्याचं दुकान आहे. २००३ पासून २०१२ पर्यंत. प्रत्येक खेळाले किती गाड्या लागल्या ते डायरीत लिहायचो, कारण पोरं टोकन दोनदा फिरवून पैसे खिशात टाकत. टॉकीजवाला गल्ला कसाही सांगो, माह्याकडे गाडी म्हणजे गाडी. तिकीट महाग झालं म्हणून गाडीच्या दोन गाड्या होत नाहीत.

शेट्टीचे सिनेमे काढून पाहिले. 'ऑल द बेस्ट' आमच्याकडे लागलाच नाही. बाकी सांगतो.

'गोलमाल' पहिला, १४ जुलै २००६. तीन दिवस आधी मुंबईले लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले होते, लोक घरीच. शुक्रवारी संध्याकाळी ३८ गाड्या. मी पोराले म्हटलं, आठवड्यात उतरते हा. दुसऱ्या रविवारी २१०, आमच्याकडे २१० च्या वर जागाच नव्हती, मंग गल्लीत लावल्या.

'संडे'. संडेलेही स्टँड रिकामा. यापेक्षा जास्त काही लिहिलेलं नाही.

'गोलमाल-३', २०१०ची दिवाळी. रविवार फुल्ल. पण तिसऱ्या मंगळवारी मॅटिनीले ४४.

'सिंघम', तिसरा मंगळवार, मॅटिनी, पाऊस : १३७. आणि त्या गाड्यांवर तीन-तीन पोट्टे बसून आले होते. मंगळवारची मॅटिनी म्हणजे कॉलेज बुडवून, नाहीतर कामावर दांडी मारून आलेला माणूस. रविवारी तर लोक टॉकीज बघायलेही येत.

'बोल बच्चन', तिसरा मंगळवार ५२. त्यानंतर ठेका सुटला.

हिशोबनीस
काका, साष्टांग. सिंघम आणि गोलमाल-३ दोघेही कागदावर शंभरच्या घरात, आणि तिसऱ्या मंगळवारी १३७ विरुद्ध ४४! हे कुठल्याच ट्रेडवाल्याने लिहिलेलं नाही. खाली लिहितो ते मुद्दाम वाकड्यात शिरायचं म्हणून नाही : एका टॉकीजवरून अख्ख्या देशाचं ठरत नाही. आपला सगळा भाग वितरणात सी. पी. बेरार म्हणून वेगळा धरतात, प्रदर्शक-वितरकांची संघटना भुसावळला बसते. मुंबई सर्किटमध्ये चित्र निराळं असू शकतं. मराठी नायक, मराठी बोली, इथे जास्त चालणारच.

स्टँडवाला
बरोबर आहे साहेब. आणि डायरीही फसवते. 'जमीन'चं पान काढलं तर दुसऱ्या आठवड्यात १८०, १९५, २१०. पहिले वाटलं अरे, हा तर हिट. मंग तारीख पाहिली, दसऱ्याचा बाजार. लोक गाडी आमच्याकडे लावत आणि खरेदीले जात. आत टॉकीजमध्ये डोअरकीपर झोपलेला.

पोट्टा_नंबर_वन
'जमीन' सुपरहिट, पार्किंगच्या वर्गात 😂

सदरकर
काका, त्या मंगळवारच्या तीन-तीन पोट्ट्यांमध्ये मी होतो बहुतेक. काळी स्प्लेंडर, मागचा इंडिकेटर तुटलेला. टोकन हरवलं होतं आणि तुम्ही आरसी बुक दाखवल्याशिवाय गाडी सोडली नव्हती. बाबांना फोन करावा लागला. कॉलेज बुडवल्याचं असं कळलं घरी.

स्टँडवाला
आरसी बुक पाहिल्याशिवाय मी गाडी मायबापालेही सोडली नसती, दादा. टोकनचे दहा रुपये तुम्ही देणं आहे असं डायरीत असेल.

राधिका_प्रतापनगर
मग 'सूर्यवंशी' कुठे बसवायचा? २४ मार्च २०२० ला लागणार होता, लागला ५ नोव्हेंबर २०२१ ला. महाराष्ट्रात थिएटरं उघडून दोन आठवडे झालेले, तीही निम्म्या खुर्च्यांवर. दोन वर्षांनी आम्ही थिएटरात बसलो होतो. सिनेमा मला धड आठवत नाही. अंधार झाल्यावर शेजारच्या आजोबांनी मास्क खाली केला आणि पॉपकॉर्नचा वास घेतला, तेवढं आठवतं. आपल्याकडे निम्म्याच खुर्च्या असूनही देशात १९५, म्हणजे माझ्या हिशेबात तो वर सरकायला हवा.

हिशोबनीस
सरकव. 'चेन्नई एक्सप्रेस'लाही मान दे, २०१३ मध्ये त्याने 'थ्री इडियट्स'चा देशातला विक्रम मोडला, तो विक्रम तेव्हा साडेतीन वर्षं टिकला होता. आणि 'दिलवाले' खाली ढकल, 'बाजीराव मस्तानी' त्याच दिवशी लागून इथे त्याच्या पुढे गेला. परदेशात 'दिलवाले' वाचला, पण परदेशातला शाहरुख, तो शेट्टीच्या खात्यात धरायचा का?

बर्डीचा_बाळ्या
आता माझी सुधारलेली यादी. टिकाऊपणा आधी, मग गल्ला, आणि परीक्षणं बरोबरी झाली तरच. १ सिंघम. २ चेन्नई एक्सप्रेस. ३ पहिला गोलमाल. ४ सूर्यवंशी, राधिकेच्या आजोबांमुळे. ५ गोलमाल अगेन. ६ सिम्बा, खाकीघर ताई माफ करा, शेवटचा नाही टाकू शकत, पण दुसऱ्यावरून सहावर आणला. ७ ऑल द बेस्ट. ८ बोल बच्चन. ९ सिंघम रिटर्न्स. १० सिंघम अगेन. त्याखाली जे आहे त्यासाठी भांडायला मला वेळ नाही. 'सर्कस' शेवटचा, 'संडे'च्याही खाली, कारण 'संडे'कडून कोणाची अपेक्षा नव्हती.

पाना_पेचकस
दहावा योग्य. गाड्या गप बसल्या होत्या.

बाळ्याचा_मामेभाऊ
धागा वाचला. लिंक मामींनी पाठवली. 'सिंघम अगेन' आमच्या मॉलमध्ये पहिल्या रविवारी हाऊसफुल होता, मी स्वतः होतो, बेसमेंटमध्ये गाडी लावायला वीस मिनिटं लागली. ते पण धरा मोजणीत.

स्टँडवाला
मॉलच्या बेसमेंटचं धरता येत नाही भाऊ. अर्ध्या गाड्या चपला घ्यायले आलेल्या. 'जमीन'चं पान पुन्हा वाचा.

बर्डीचा_बाळ्या
काका, ती डायरी एकदा डोळ्यांनी पाहायची आहे. रविवारी आम्ही दोघं भाऊ आणि सदरकर येऊ का? पोहे घेऊन येतो, आणि सदरकराचे दहा रुपयेही.

स्टँडवाला
या. पण गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आमच्या दारात लावायले जागा नाही.